बाईंचे रविवारचे देश

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, उजव्या हाताच्या दारामागे, रविवारी दुपारी एक नवा देश निघायचा आणि दिवेलागणीला बुडायचा. त्या देशाला ना झेंडा, ना सैन्य. असायचे ते फक्त दोन-चार नियम, तेही आदल्या रात्री बाईंनी अंथरुणात पडल्या पडल्या रचलेले. आणि त्या देशाची प्रजा म्हणजे आम्ही, आयते सापडलेले शेजारी.

मी त्याच इमारतीत तळमजल्यावर चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांच्या डोळ्यांवर माझं पोट, त्यामुळे माणसाकडे निरखून बघणं हा माझा धंदाच. बायको त्याला चोंबडेपणा म्हणते. म्हणू दे बापडी. पण त्या चोंबडेपणाला उभ्या आयुष्यात एकदाच किंमत मिळाली, आणि ती दिली बाईंनी.

बाई विद्यापीठात शिकवायच्या. विषयाचं नाव ‘आंतरसांस्कृतिक संवाद आणि सहिष्णुता’. एवढं लांबलचक नाव त्यांच्या खोलीच्या पाटीवर मावेना, म्हणून रंगाऱ्याने शेवटचा शब्द खालच्या ओळीत बारीक अक्षरांत कोंबला होता. त्यांचा वाचायचा चष्मा पोचवायला मी एकदा तिकडे गेलो, ती पाटी बघितली आणि राहवलं नाही.

“बाई, तुमच्या सहिष्णुतेला अंग चोरून बसावं लागलंय हो.”

“तिला सवय आहे,” बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

ती खोली मला अजून डोळ्यांसमोर दिसते. लांब बोळाच्या अगदी टोकाला, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला खेटून. त्यामुळे आत कायम सडक्या अंड्याचा वास. बाकं नाहीत, ओळी नाहीत. लाकडी खुर्च्या वाटेल तशा विखुरलेल्या. पहिल्या तासाला बाई काहीच शिकवत नसत. नुसतं सांगायच्या, “आपापली खुर्ची उचला आणि अनोळखी माणसाशी गप्पा मारायला बसा.” मग मुलं बसली की टेप घेऊन दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजायच्या. कुणी नाकाला नाक लावून बसलेलं, कुणी मध्ये बैलगाडी जाईल इतकी जागा सोडलेली. “आता मला सांगा,” बाई म्हणायच्या, “तुमच्यातला उद्धट कोण आणि तुसडा कोण?” जवळ बसणारे लांबच्यांना तुसडे म्हणत आणि लांबचे जवळच्यांना उद्धट. झाला अभ्यासक्रम सुरू.

या फंदात बाई पडल्या कशा, तीही गंमत आहे. तरुणपणी त्या एका इस्पितळात नोंदणीच्या टेबलावर होत्या. तिथे दुसऱ्या मुलखातून आलेली एक म्हातारी, डॉक्टर काही बोलले की मान डोलवायची. गोळ्या समजल्या का? डोलली. पुढच्या आठवड्यात याल का? डोलली. म्हातारी पुढच्या आठवड्यात आली नाही, गोळ्याही तशाच पडून राहिल्या. नंतर बाईंना कळलं की तिच्याकडे मान डोलवणं म्हणजे ‘तुम्ही मोठे, तुम्ही बोलताय ते मी ऐकतेय’ एवढंच. ‘समजलं’ नव्हे, आणि ‘येते’ तर मुळीच नव्हे. म्हातारी पुढे बरी झाली, पण बाई काही बऱ्या झाल्या नाहीत. नोकरी सांभाळून शिकल्या, पुढे विद्यापीठात गेल्या आणि जन्मभर एकाच गोष्टीच्या मागे लागल्या: अनोळखी माणसं भेटतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत काय काय घोळ होतात. त्यांच्या कपाटात कपडे कमी आणि ध्वनिफिती जास्त. सासूबाईंच्या लोकरी शालींमध्येसुद्धा फिती गुंडाळलेल्या सापडायच्या.

या सासूबाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या मावशी. बाईंचे यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आणि घरात उरल्या या दोघी. सासू-सुना म्हणाव्यात तर भांडण नाही, आणि मैत्रिणी म्हणाव्यात तर एकमेकींचं एक वाक्य धड पुरं होऊ देत नसत. मावशींनी आयुष्य टेलिफोनच्या केंद्रात काढलेलं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायची हौस नोकरीत भागली नव्हती, ती रविवारी भागवायच्या.

तर रविवारचा खेळ असा. वर्गात नेण्याआधी बाई आपला नवा देश घरी आमच्यावर चालवून बघायच्या. एक विद्यार्थी ‘पाहुणा’ व्हायचा. बाई त्याला कोपऱ्यावरच्या बसथांब्यापाशी गाठायच्या आणि त्याच्या कानात त्या देशाचे नियम सांगायच्या. त्याला आम्ही ‘कानमंत्र’ म्हणायचो. मग पाहुणा एकटाच वर यायचा. बाई मुद्दाम मागाहून यायच्या, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून मावशी सगळं ओळखतात. आम्ही यजमान. काम एकच: पाहुणा जे काही करेल त्याने न चिडता, न हसता, त्याला बरं वाटेल असं वागायचं आणि त्याचा कानमंत्र हुडकायचा. शेवटी ‘उलगडा’. सगळ्यांनी खेळातून बाहेर यायचं, पाहुण्याने कानमंत्र फोडायचा, कुणाला कुठे लागलं-खुपलं ते बोलायचं. उलगडा झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, हा बाईंचा कडक नियम. एकदा आमच्या बायकोचं दूध उतू चाललं होतं, तरी सोडली नाही तिला.

काय एकेक देश! एका देशात यजमानाने पाहुण्यापेक्षा खाली बसायचं. पाहुणा खुर्चीवरून स्टुलावर, स्टुलावरून पाटावर येत गेला आणि मावशी शेवटी जमिनीवर. त्यांना उठवायला मला आणि समोरच्या दंतवैद्याला कंबर कसावी लागली. एका देशात आभार मानले की संबंध तुटला असं समजायचं. आणि एका देशात कुणी वस्तूची तारीफ केली की ती त्याला देऊन टाकायची. तो देश मी पटकन ओळखला आणि बाईंच्या नव्याकोऱ्या ध्वनिमुद्रकाची अशी काही तोंड भरून स्तुती केली की त्या हबकल्याच. पण नियम म्हणजे नियम. यंत्र बगलेत मारून मी खाली आलो. अर्ध्या तासात बायकोने माझ्यासकट ते वर नेऊन पोचवलं.

“बाई,” मी एकदा विचारलं, “एवढं सगळं सहन करायचं म्हणजे तुमची ती सहिष्णुता का?”

“सहन करायला कोण सांगतंय? समोरचा वेडा नाही, त्याच्या कानात कुणीतरी वेगळं काही सांगितलंय, असं निदान अर्धा तास धरून चाला.”

“आणि अर्ध्या तासानंतर?”

“मग भांडा की. पण समजून भांडा.”

असे सुखाचे दिवस चालले होते. आणि एका वर्षी विद्यापीठाला काटकसरीचा झटका आला. लहान विषय तपासायचे, बिनकामाचे असतील ते बंद करायचे असं ठरलं. तिघांची समिती नेमली. बाईंचा विषय गेला तर त्यांनी व्यापार शिकणाऱ्या मुलांना पत्रलेखन शिकवायचं, आणि ती वासाची खोली हिशेबवाल्यांना द्यायची, हेही कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं. बाई आम्हाला म्हणाल्या, “‘आपले कृपापत्र पोचले’ हे मी किती वर्षं शिकवू?” हसत म्हणाल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. डोळ्यांचं मला कळतं.

समितीतल्या दोघांची भीती नव्हती. तिसऱ्याची होती. त्याने याआधी दोन विभागांना टाळं लावलेलं, आणि त्याच्या तोंडालाही टाळंच. विद्यापीठातले शिपाईसुद्धा त्याला ‘कुलूप’ म्हणायचे. शुक्रवारी समिती बाईंच्या वर्गात येऊन बसली. बाईंनी खुर्च्या मांडून दाखवल्या, फिती ऐकवल्या, वर्षानुवर्षांचं संशोधन घडाघडा सांगितलं. दोघांनी प्रश्न विचारले. कुलूप मात्र पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत बसलं.

“मी सरळ त्यांच्याकडे वळून विचारलं,” बाई संध्याकाळी सांगत होत्या, “‘सर, आपल्याला काही शंका?’ तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि पुन्हा खिडकी. संपलं. सोमवारी ते आपलं मत लिहून देणार.”

“मग तू काय केलंस?” मावशींनी विचारलं.

“काय करणार? सगळ्यांना म्हटलं, खरे प्रयोग रविवारी माझ्या घरी होतात, यायचं तर या. कोण येतंय!”

त्या रविवारी खेळ होता. पाहुणा म्हणून येणार होता बाईंचा एक प्रौढ विद्यार्थी, बसकंपनीतला तपासनीस. मध्यमवयीन, टापटीप, आम्ही कुणी त्याला बघितलेला नव्हता. बाई ठरल्याप्रमाणे बसथांब्यावर गेल्या. तपासनीसाचीच बस बंद पडली होती, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक! बाई तिथे उभ्या. इकडे वर आम्ही तिघं सज्ज: मावशी, मी आणि आमची ही.

घंटा वाजली. दारात एक मध्यमवयीन, टापटीप गृहस्थ. डावा हात पँटच्या खिशात.

“प्राध्यापिकाबाई आहेत का?” नजर दाराच्या चौकटीवर.

मावशींनी मला कोपर मारलं. सुरू झालं, असा त्याचा अर्थ.

“या या, बसा ना! त्या येतीलच,” मावशी म्हणाल्या. “कुठल्या देशाहून आलात?”

गृहस्थ दचकले. “मी... विद्यापीठातून.”

“हे छान आहे हं,” मावशी माझ्या कानात. “विद्यापीठ नावाचा देश काढलाय या वेळेला.”

बसले ते खुर्चीच्या टोकावर. बायको कॉफी घेऊन आली. मावशी समोर बसून त्यांच्याकडे टक लावून बघायला लागल्या. मावशींचं बघणं म्हणजे काय सांगू, माणूस आपलं बटण लागलंय की नाही ते चाचपून बघतो. हे गृहस्थ मात्र खिडकीकडे बघायला लागले. मी खडा टाकून बघितला, “गरम होतंय नाही?” तोंडातून ब्र नाही. बायकोने विचारलं, “साखर?” तर नुसता घसा खाकरला.

मावशींनी स्वयंपाकघरात आमची बैठक घेतली.

“मला कळलंय,” त्या म्हणाल्या. “यांच्या देशात डावा हात कुणाला दाखवायचा नसतो. कप घेताना बघितलंत? एका हाताने घेतला, बशी तशीच राहिली.”

“मग आता?”

“मग आपणही डावा हात लपवायचा.”

पुढची पाच-सात मिनिटं आम्ही तिघंही डावा हात पाठीशी धरून वावरत होतो. बायकोने एका हाताने केक कापला, तो ताटलीतून उडून मावशींच्या मांडीवर. गृहस्थांनी आमच्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला त्या वेळी वाचता आलं नाही. त्यांनी सावकाश डावा हात खिशातून काढला. बाहीच्या मनगटाचं बटण तुटलेलं होतं आणि बाही लोंबत होती. एवढंच होतं ते.

“अगं बाई!” मावशी म्हणाल्या. “आणा इकडे. बसल्या जागी लावते.” आणि शिवणाचा डबा उघडून त्यांनी खरोखर त्यांचं मनगट मांडीवर ओढून घेतलं. यजमानाने पाहुण्याला बरं वाटेल असं वागायचं, हा नियम त्यांच्या अंगात मुरलेला. बायकोही वाटाणे सोलायला घेऊन बसली, हात रिकामा ठेवणं तिला जमतच नाही.

माझं लक्ष त्यांच्या चष्म्याकडे. सकाळपासून नव्हे, महिन्यांपासून मोडलेली दांडी दोऱ्याने बांधलेली. माझ्या व्यवसायाचा एवढा अपमान मी सहन कसा करावा? मी चष्मा सरळ त्यांच्या नाकावरून उचलला, खिशातलं बारीक पेचकस काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि मान खाली घालून स्क्रू शोधायला लागलो.

मावशींची मान सुईवर, बायकोची शेंगांवर, माझी दांडीवर. कुणीही पाहुण्याकडे बघत नव्हतं.

आणि कुलूप उघडलं.

“माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे,” ते म्हणाले.

मी मान वर करणार, तेवढ्यात बायकोचा पाय माझ्या पायावर. मी भिंगातच बघत राहिलो.

“असंच भिंग लावून बसायचे. दिवसभर. मी शाळेतून आलो की शेजारी उभा राहायचो आणि सगळं सांगायचो. कोण पडला, कुणाला मार बसला. ते मान वर करायचे नाहीत. हं, हं, करायचे. पण रात्री जेवताना माझी एकेक गोष्ट आईला बरोबर सांगायचे.”

“एकुलते एक तुम्ही?” मावशींनी सुईलाच विचारलं.

“हो. वडील मान वर करायचे फक्त रागावले की. त्यामुळे कुणी माझ्याकडे बघून बोललं, की अजूनही वाटतं, काहीतरी चुकलंय आपलं.”

मग ते बोलतच राहिले. घड्याळांबद्दल, एका खोलीत शंभर टिकटिकी ऐकत झोपण्याबद्दल, विद्यापीठातल्या सभांबद्दल, जिथे सगळे टेबलाभोवती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि यांची जीभ टाळूला चिकटते. मध्येच एक विनोद केला. कुणी वर बघून हसलं नाही, खाली बघून हसलो. ते मग दुसरा करायला धजावले. मी स्क्रू कधीच बसवला होता. पण काढून पुन्हा बसवला, पुन्हा काढला.

बाई आल्या तेव्हा हे असं चाललेलं. दार लोटलेलंच होतं. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि तिथेच थिजल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मी भिंगातूनही बघितला.

मावशी विजयाने उठल्या. “आलीस? कसला कठीण देश काढलास गं या वेळेला! पण आम्ही ओळखला. आणि हे काय काम करतात म्हणून सांगू, नाटकात हवेत! बसचे तपासनीस वाटतच नाहीत!”

बाईंनी एकदा मावशींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मला कळलं की हा तपासनीस नव्हे. मग आठवलं, खिडकी. माझ्या हातातला चष्मा कुणाचा आहे ते लक्षात आलं आणि पाचावर धारण बसली.

आता खरं सांगायचं तर, अजून काही बिघडलं नव्हतं. गृहस्थ खुशीत होते. बटण लागलेलं, चष्मा दुरुस्त, पोटात कॉफी. मावशींचं ते शेवटचं वाक्य म्हातारपणाची बडबड म्हणून खपून गेलं असतं. मी बाईंना डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, सोडा, जाऊ द्या त्यांना हसतमुखाने, उद्या सोमवार आहे. बायकोने तर गृहस्थांच्या पाठीमागून हात जोडले. गृहस्थ उठले, माझ्या हातातून घेऊन चष्मा चढवला, “येतो, बरं वाटलं” असं चक्क म्हणाले.

“थांबा, सर,” बाई म्हणाल्या. “उलगडा राहिलाय.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. रविवारचा खेळ, कानमंत्र, थांब्यावर उशिरा कळलेलं बस बंद पडल्याचं. “या तिघांना तुम्ही खेळातले पाहुणे वाटलात. गेला तासभर तुम्हाला ते पारखत होते, तुमचा नियम शोधत होते. तुम्हाला विचारलेलं नव्हतं. माझ्या कामात ही चूक मोठी समजतात, आणि ती माझ्या घरात झालीय. तुम्हाला उद्या ते लिहायचं असेल तर जरूर लिहा.”

गृहस्थांचा चेहरा पुन्हा बंद झाला. ते वळले आणि दाराशी गेले. हात कडीवर. आम्ही चौघं त्यांच्या पाठीकडे बघतोय.

“माझा नियम काय निघाला?” त्यांनी दाराला विचारलं.

मावशीच भानावर आल्या आणि आमच्यावर खेकसल्या, “बघताय काय सगळे त्यांच्याकडे! बघू नका!”

आम्ही पटापट नजरा फिरवल्या. मी छताकडे, बायको वाटाण्यांकडे, आणि विद्यापीठातल्या एवढ्या मोठ्या प्राध्यापिकाबाई आपल्या चपलांकडे.

“तुमच्या देशात,” मावशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “माणसाकडे बघत बोललं की ते रागावणं समजायचं. आणि खाली मान घालून हातातलं काम करत बसलं, की माया.”



“मला असं कुणी कानात सांगितलेलं नाही,” गृहस्थ म्हणाले.

“सांगतात हो. आईबापच सांगतात, न बोलता. आणि आपल्याला वाटतं, सगळ्यांनाच तेच सांगितलंय.” मग मावशींना प्रामाणिकपणाचा उमाळा आला. “आधी मात्र मला वाटलं होतं डाव्या हाताचा नियम आहे. ते चुकलंच.”

दार उघडलं, बंद झालं. जिन्यावरून पावलं उतरत गेली.

“झालं,” मी म्हणालो, “बाई, करा सुरुवात. आपले कृपापत्र पोचले.”

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की त्या गृहस्थांना ते बघणं लागलं असतं तर आयुष्यात पुन्हा बोलले नसते. बाई मात्र खुर्चीत बसल्या, मावशींच्या मांडीवर पडलेला तो केक ताटलीतून उचलून खायला लागल्या आणि म्हणाल्या, “उलगडा न करता वाचवलेला विषय मला शिकवताच आला नसता.”

मधले दिवस वाईट गेले. बाई फिती खोक्यांत भरायला लागल्या. मावशींनी स्वतःला दोष देऊन देऊन भूक घालवली आणि मग आमच्याकडे येऊन दोन वेळा जेवल्या. निकाल आला तेव्हा बाई कागद घेऊन सरळ माझ्या दुकानात आल्या, कारण त्यांचा वाचायचा चष्मा माझ्याकडे दुरुस्तीला होता. मीच वाचून दाखवला. विषय चालू ठेवावा असं मत होतं. खाली कुलपाच्या हातच्या दोन ओळी: ‘पाहुण्याची परवानगी न घेणे हा पद्धतीतील दोष आहे. तो प्राध्यापिकांनी स्वतः उघड केला.’ दुसरी एखादी नाचली असती. या बाई पहिल्याच ओळीवर अडल्या. “बरोबर आहे त्यांचं,” म्हणाल्या आणि त्या आठवड्यापासून दारात येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यालासुद्धा, विचारायला लागल्या, “खेळात यायचंय, की नुसतं आलात?”

कुलूप त्यानंतर पुष्कळ रविवारी आले. त्यांना ठरलेली खुर्ची मिळाली, खिडकीजवळची. ते आले की आपोआप सगळ्यांच्या हातात काही ना काही काम यायचं. त्या काळात आमच्या इमारतीत जेवढी बटणं लागली, जेवढे वाटाणे सोलले गेले, तेवढे आधी नाहीत आणि नंतरही नाहीत.

आता तो पसारा उठला. मावशी गेल्या; शेवटच्या दिवसांत डॉक्टरांना विचारायच्या, “तुमचा कानमंत्र काय हो?” बाई निवृत्त झाल्या आणि लांब लेकीकडे राहायला गेल्या. खोलीत त्यांचीच एक विद्यार्थिनी शिकवते. पाटी नवी केलीय म्हणे; सहिष्णुता मोठ्या अक्षरांत आलीय, पण आता ‘संवाद’ बारीक झालाय. वर नवं कुटुंब आलंय. परवा पाण्याच्या टाकीवरून त्यांचं आणि दंतवैद्याचं जुंपलं. तावातावाने नवा भाडेकरू जिना चढायला लागला, तर दंतवैद्य खालून ओरडला, “उलगडा केल्याशिवाय जायचं नाही!” तो बिचारा माझ्या बायकोला विचारत होता, हा काय कायदा आहे का इथला? मी म्हटलं, “हो, जुना आहे.”

आणि गेल्या रविवारी दुकानाचं दार अर्धवट ओढून मी हिशेब बघत बसलो होतो, तर बाहेर कुलूप उभे. म्हातारे झालेत. दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन, दारावर परक्या नावाची पाटी बघून खाली आले असावेत, कारण दम लागला होता. मी स्टूल पुढे सरकवलं, काचेच्या कपाटातून एक चष्मा काढला, भिंग लावलं आणि मान खाली घातली.

“बाईंचा फोन असतो?” ते म्हणाले.

“असतो की. तिकडेही देश काढतात. नातवंडांना पिडतात.”

मी काच पुसत राहिलो. स्वच्छच होती.

“मला त्या दिवशी तेव्हाच कळलं होतं,” ते म्हणाले. “तुम्ही तिघांनी हात लपवले ना, तेव्हाच. काहीतरी खेळ चाललाय आपल्यावर. म्हटलं, बघू या, बाई सांगतात की झाकतात. झाकलं असतं तर बंद करा म्हणून लिहिणार होतो.”

माझा हात थांबला. इतकी वर्षं मी समजत होतो की कुलूप माझ्या पेचकसाने उघडलं. मी काचेलाच विचारलं, “मग कळल्यावर लगेच उठून का नाही गेलात?”

रस्त्यावरून एक सायकल गेली.

“बटण लावत होत्या ना त्या,” ते म्हणाले. “आणि मग चष्मा तुमच्या हातात. कसा उठणार?”

मी वर बघितलं नाही. त्या चष्म्याचा चांगला घट्ट बसलेला स्क्रू काढला आणि पुन्हा बसवायला घेतला.